तेरा जुलैचा फोटो

या प्रकरणात जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. शनिवार पेठेतल्या निम्म्या लोकांचा बसला नाही, आणि उरलेल्या निम्म्यांचा बसला तो आमच्याकडे चहा फुकट मिळायचा म्हणून. माझं त्यावाचून काही अडलं नाही. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी मी, भगवंत बारबोले, आमच्या फोटो स्टुडिओच्या पडद्यावर बसून वाचलो. पडदा म्हणजे गिऱ्हाइकाच्या पाठीमागे सोडतात तो, रंगवलेला. त्यावर तळं होतं, तळ्यात दोन हंस. लाकडी दांड्यांसकट तो तरंगला आणि मी दोन हंसांच्या मधोमध मांडी घालून थेट संगमापर्यंत गेलो. वाटेत एक म्हैस भेटली. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने नंतर फक्त माझ्या पुतण्याने, श्यामने पाहिलं, तेही या प्रकरणातल्या रविवारी.

खोटं वाटतंय ना? वाटू द्या. फोटो मात्र शोकेसमध्ये आहे.

त्या फोटोत पुराच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणजे एकसष्ट सालच्या तेरा जुलैची आमची गल्ली आहे. पडलेल्या भिंती, उघडी पडलेली वासे-आढी, उलटी झालेली बाज, गुडघाभर चिखल. आणि एका अर्ध्या भिंतीमागे कमरेपासून वर दिसणारा माझा थोरला भाऊ उत्तरेश्वर. पांढरा इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला, ओठांत हसू. बारा तारखेला पाणी चढत असताना तो गिऱ्हाइकांच्या लग्नाच्या काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, आणायला स्टुडिओत मागे फिरला. खरं तर मी फिरायला हवं होतं, पण ते मागच्या एका प्रकरणात सांगून झालंय. त्यानंतर त्याला कुणी पाहिलं नाही. तेराला मी गल्लीचा फोटो काढला तेव्हा मलाही तो दिसला नव्हता. फिल्म धुतली तर हा उभा. धावत गेलो, तोवर गेलेला. कुठे, का, ते त्यालाच ठाऊक. पण वाचला होता, आणि पूर ओसरल्यावर उभा होता, हे कागदावर आलं होतं.

वीस जुलैला बार्शीहून आमच्या आत्याबाई आल्या. सोबत भटजी आणि दर्भाची जुडी. देह सापडला नाही की दर्भाचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, आणि बायकोच्या बांगड्या वाढवायच्या. वहिनी, म्हणजे कौशल्या, तेव्हा तेवीस वर्षांच्या, मांडीवर वर्षाचा श्याम. आत्याबाईंनी पाट मांडला आणि मी त्या पाटावर फोटो ठेवला. आत्याबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, दर्भाची जुडी पुन्हा पिशवीत घातली आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. भटजींना जाण्यायेण्याचं भाडं मी दिलं.

त्या दिवसापासून वहिनी कुंकू लावत आल्या. बासष्ट साली स्टुडिओच्या माडीवर त्यांनी शिवणाचा क्लास काढला. पेठेतल्या मुली नि नव्या सुना शिकायला आल्या. हळदीकुंकवाला वहिनींना पहिलं बोलावणं असे. माझ्या फोटोने एवढं केलं. पुढे चव्वेचाळीस वर्षं त्या फोटोला माझ्यादेखत कुणी हात लावला नाही.

दोन हजार पाचच्या जुलैतल्या त्या रविवारी सकाळी श्यामने शोकेस उघडली आणि तो काढला.

सगळे स्टुडिओत आतल्या बाजूला बसलो होतो, जिथे गिऱ्हाइकाला बसवतात तिथे. श्यामची मुलगी श्रद्धा गिऱ्हाइकाच्या स्टुलावर. वहिनी भिंतीशी खुर्चीवर, हातात कुणाचा तरी सदरा, काजं करणं चाललेलं. माझा मित्र मकबूल, आमच्याकडे पन्नास वर्षं रिटचिंग करणारा, म्हणजे फोटोतले दोष ब्रशने झाकणारा, दाराजवळ. तो दर रविवारी येतो. त्याला बोलवावं लागत नाही, आणि जा म्हटलं तरी जात नाही.

श्यामने टेबलावर दोन कागद ठेवले आणि त्यांच्यावर फोटो ठेवला.

"आई, वकिलांना उद्या सकाळी द्यायचंय. जागा बाबांच्या नावावर आहे. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मेलेला धरतो. इथे तर सातावर सदतीस झाली. पहिल्या कागदावर तू एवढंच म्हणायचंस, की बारा जुलै एकसष्टपासून नवऱ्याची खबर नाही आणि तो हयात नाही असं मी मानते. दुसरा बिल्डरचा. एकदा कोर्टाने बाबांना मृत ठरवलं की वारस आपण दोघं. दोघांच्या सह्या, काम झालं."

"आणि हा फोटो?" मी विचारलं.

"फोटो तुमच्याकडे ठेवा काका. तुम्हाला फार आवडतो."

श्याम वाईट मुलगा नाही, हे इथे सांगायला हवं. पिंपरीच्या कारखान्यात वीस वर्षं काढली. मग कंपनीने त्याला स्वेच्छानिवृत्ती दिली; त्यातली स्वेच्छा कंपनीची होती. स्टुडिओच्या जागेच्या बदल्यात बिल्डर हडपसरला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट देत होता. लिफ्ट आहे, आईचे गुडघे गेलेत, श्रद्धाचं ऑफिस तिथून चालत दहा मिनिटांवर. सगळं बरोबर होतं. फक्त त्यासाठी त्याला आधी बापाला मारावं लागत होतं, आणि आई ते करून देत नव्हती.

"वहिनी सही करणार नाहीत," मी म्हणालो. "ज्याचा फोटो पुरानंतरचा आहे तो पुरात मेला असं लिहून देणं म्हणजे कोर्टाला फसवणं. तुरुंगात जातील त्या या वयात."

"काकाआजोबा," श्रद्धा म्हणाली, "एक बोलू? तुम्ही चिडणार नाही ना?"

ही पोरगी चिडणार नाही ना असं विचारते तेव्हा मी आधीच चिडतो.

तिच्या मनात खरं म्हणजे काही वाकडं नव्हतं. आजीचा वाढदिवस येत होता. फोटोला बुरशीचे ठिपके पडले होते, ते कॉम्प्युटरवर काढून नवा मोठा प्रिंट द्यावा, म्हणून तिने तो गुपचूप ऑफिसात नेऊन स्कॅन केला होता. रात्रपाळीच्या मुलांनीही पाहिला आणि फोटो खरा की जोडलेला यावर त्यांच्यात पैज लागली. श्रद्धाला ती पैज जिंकायची नव्हती. जिंकली, त्याला ती काय करणार?

तिने पिशवीतून एक मोठा प्रिंट काढला. नुसता खांदा आणि भिंतीची कड, चारपट केलेली.

"हे बघा. आजोबांच्या खांद्याभोवती लाइन आहे. ब्रशची वाटते. आणि शॅडो बघा, वाशांची सावली डावीकडे पडलीय. आजोबांच्या चेहऱ्यावर लाइट पण डावीकडूनच आहे. मॅच नाही होत. आणि त्यांची स्वतःची सावलीच नाहीये कुठे. बाबा, मी तुमच्या बाजूने बोलत नाहीये हां, मी फक्त जे आहे ते सांगतेय."

"डाग आहे तो, बेटा," मकबूल दारातून म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. "पुराचं पाणी होतं. हायपो, म्हणजे फिल्म धुवायचं औषध, खराब, सगळंच खराब. फिल्मवर अशा रेषा यायच्या."

"फक्त आजोबांच्याच भोवती?"

"माणूस उठून दिसत होता ना," मकबूल म्हणाला आणि चष्मा अजून पुसत राहिला.

"सावलीचं सांगतो," मी म्हणालो. "त्या दिवशी सगळीकडे पाणी साठलेलं. वरून एक सूर्य, पाण्यातून दुसरा. दोन सूर्यांमध्ये सापडलेल्या माणसाला सावली राहत नाही. एकीने दुसरी खोडली जाते."

"आणि बाजेची सावली?"

"बाज लाकडाची आहे. तिला एवढं कुठे कळतंय?"

श्रद्धा हसली. श्याम नाही हसला. त्याने मघाशी सांगितलेल्या म्हशीच्या नजरेने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू बोलायला लागला. हा माणूस ओरडतो तेव्हा ठीक असतो.

"काका, तुमच्या गोष्टी ऐकत मोठा झालो मी. मजा यायची. हंस, म्हैस, सगळं. पण पाचवीत असताना शाळेत फॉर्म आला. वडिलांचं नाव. नावाआधी श्री. लिहू की कै., ते मला माहीत नव्हतं. आईला विचारलं, ती म्हणाली तुझ्या काकाला विचार. तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात जागा मोकळी सोड, येईल तेव्हा भरू. मोकळी सोडली. दहावीला सोडली. लग्नाच्या पत्रिकेत नुसतं 'उत्तरेश्वर बारबोले यांचे चिरंजीव' छापलं, तेव्हा नम्रताच्या वडिलांनी विचारलं, आपले तीर्थरूप दिसत नाहीत कुठे. मी पंचेचाळीस वर्षांचा बाप्या आहे, अजून बापाचं श्राद्ध केलं नाही. दरवर्षी पितृपक्षात लोक पानं वाढतात आणि मी स्टुडिओत बसून पासपोर्ट साइझ कापतो. बिल्डर गेला खड्ड्यात. मला ती मोकळी जागा भरायचीय."

बाहेर काउंटरवर एक मुलगा आला होता. नम्रता, श्यामची बायको, त्याचा फोटो काढून आत आली. तिने त्याला 'कान दिसू द्या, हसू नका' सांगितलेलं आम्हाला ऐकू आलं होतं.

नम्रताच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळलं, असं विचाराल. पन्नास वर्षं मी माणसांना 'हलू नका' सांगून त्यांच्याकडे बघत आलोय. न हलणारं माणूस सगळं सांगतं. ती कॅमेरा छातीशी धरून उभी होती आणि हलत नव्हती. आदल्या वर्षीच तिने तो डिजिटल कॅमेरा आणायला लावला होता. अमेरिकेला निघालेली सगळी मुलं व्हिसाच्या फोटोला आमच्याकडे यायची. दोन इंच चौरस, मागे पांढरं, चेहरा मोजून मधोमध. सोमवारी दारात रांग असायची. हडपसरच्या सातव्या मजल्यावर तिला कोण येणार होतं रांग लावून? हे तिने नवऱ्याला आडून दोनदा सांगितलं होतं. त्याने दोनदा ऐकलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "पहिल्या कागदाबद्दल तुमचं बरोबर आहे. आईंना मी स्वतः सांगणार होते, सही करा म्हणून. पण दुसऱ्या कागदाचं नाही बरोबर."

"म्हणजे?"

"म्हणजे दुकान चालतंय. तुम्हाला ते बंद पडलेलं दिसतं, कारण तुम्ही काउंटरवर बसत नाही."

"नम्रता, आत्ता नको."

"आत्ताच. उद्या सकाळी वकील आहे म्हणालात ना."

"वा," मी म्हणालो, "सूनबाई शिकल्या."

"काका, तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "तुमच्या बाजूची नाहीये मी. शोकेसमध्ये तो फोटो ठेवून निम्मी काच अडवलीय तुम्ही. व्हिसाचे नमुने लावायला जागा नाही."

म्हणजे बघा, पाच मिनिटांत काय झालं. श्रद्धा माझ्याविरुद्ध, पण बापाच्या बाजूची नाही. नम्रता श्यामच्या अर्ध्या बाजूची, माझ्या कुठल्याच नाही. मकबूल माझ्या बाजूचा, पण तोंड भिंतीकडे. आणि जिच्यासाठी हे सगळं, ती काजं करत होती. दोरा तोडला. सदरा झटकला, घडी घातली, मांडीवर ठेवला.

"श्याम, पेन दे," वहिनी म्हणाल्या.

श्यामला आधी कळलंच नाही. श्रद्धाने तिच्या पिशवीतलं पेन काढून दिलं. वहिनींनी पहिला कागद घेतला, चष्मा वर सारून नीट वाचला, अक्षर न अक्षर, आणि खाली सही केली. मराठीत, पूर्ण नावाने. सौ. न लिहिता. मग कागद श्यामच्या हातात दिला.

"कै. लिही," त्या म्हणाल्या. "तुझी जागा मोकळी ठेवली ही माझी चूक. बाकी कशाची माफी मागणार नाही. या वर्षी पितृपक्षात पान वाढ. स्वयंपाक मी करते. त्यांना अळूची भाजी आवडायची."

श्यामने कागदाकडे पाहिलं. मग आईच्या कपाळाकडे पाहिलं. तिथे कुंकू होतं.

"आई, आता..."

"काय आता? हे कुंकू मी लावते. कुणाच्या नावाचं ते मी ठरवीन. सदुसष्ट वर्षांची आहे, आता कोण येतंय बार्शीहून दर्भ घेऊन तेच बघायचंय मला."

मग त्यांनी बिल्डरचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं.

"हा इथे कामाचा. वारस म्हणून त्यांचं अर्धं माझ्याकडे येतं ना? मग माझ्या अर्ध्यावर खाली नम्रता बसेल आणि वर माझा क्लास. तुला हडपसरला जायचं तर जा बाबा, लिफ्टने वरखाली कर. मी गुडघे मोजत जिना चढते, मला सवय आहे."

नम्रताने कॅमेरा छातीवरून खाली घेतला. "मी दारातल्या पाटीला रंग द्यायला सांगितलाय," ती म्हणाली. "आधीच."

श्याम खुर्चीत बसला. तो रागावला असेल असं मला वाटलं होतं. पण त्याने खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि त्या अर्जावर जिथे जिथे बापाचं नाव होतं तिथे तिथे, वकिलाने न सांगता, आधी कै. घालायला सुरुवात केली. दर वेळी हात जरासा थांबायचा आणि मग लिहायचा.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माझ्यासारख्याने काय करावं? सगळ्यांना हवं ते मिळालं होतं. मला सोडून. चव्वेचाळीस वर्षं ज्या माणसाला मी फोटोत उभा ठेवला, त्याला माझ्यासमोर दोन मिनिटांत शाईने आडवा केला होता, आणि फोटोकडे कुणी बघतही नव्हतं. मला ते सहन झालं नाही.

"सही केलीत ते ठीक," मी म्हणालो. "कोर्टासाठी, पोरासाठी. पण वहिनी, आपल्यात म्हणून सांगतो, दादा वाचला होता. मी हे कुणाला सांगितलं नाही. चौऱ्याहत्तर साली सोलापूरच्या स्टँडवर एक माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. पांढरा सदरा, तसाच इस्त्रीचा. मला म्हणाला, पडदा कसा आहे? मी म्हटलं, कुठला पडदा? तो म्हणाला, हंसांचा. आता मला सांगा, हंसांचं बाहेरच्या माणसाला कसं कळणार? मकबूल, तुला सांगितलं होतं की नाही मी?"

मकबूल म्हणाला, "भगवंता, गाडी चुकेल माझी," आणि जागचा हलला नाही.

"मी त्याला म्हटलं, दादा, घरी चल. तो म्हणाला, येईन. माझा तेरा जुलैचा फोटो जपून ठेव, म्हणाला, त्यात मी आहे तसा आलोय. अगदी आहे तसा. वहिनी, त्याचे शब्द आहेत हे. हा सदरा बघा, हा सदरा..."

मी फोटो त्यांच्यासमोर धरला. वहिनींनी मांडीवरचा, नुकती काजं केलेला सदरा उचलला आणि फोटोशेजारी धरला. दोन्ही सदरे शेजारी शेजारी.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "पुरुषाच्या सदऱ्याची डावी पट्टी वर येते. फोटोत उजवी वर आलीय, बायकांच्या पोलक्यासारखी. तो सदरा मी शिवला होता, दोन वर्षं आधी, गणपतीत तुम्ही त्यांचा फोटो काढलात त्या दिवसासाठी. आत्याबाईंच्या पाटावर तुम्ही हा ठेवलात तेव्हाच दिसलं मला. तेव्हा गप्प बसले, कारण मला पाहिजे होता. पण आता चव्वेचाळीस वर्षं झाली, म्हणून सांगते. पुढच्या वेळी मेलेल्या माणसाला गल्लीत उभं कराल, तेव्हा निगेटिव्ह आधी सुलटं लावा."